तारककेंद्राची मक्तेदारी : एका रूढ मताचे खंडन

हैदराबादच्या सुलतान बाजार आणि कोठीच्या पदपथांवर जुन्या पुस्तकांचे ढीग लागलेले असतात. इंटरमीजिएटच्या बायपीसीची गाइडे, नीटच्या तयारीची जाडजूड पुस्तके, उस्मानिया वैद्यकीय महाविद्यालयातल्या मुलांच्या हातून फिरत आलेले ग्रंथ असे सगळे तिथे मिळते. त्यांत पेशीविभाजनाचे प्रकरण काढले की बहुधा एकच आकृती समोर येते. पेशीच्या दोन टोकांना दोन ठिपके, त्यांतून किरणांसारखे निघालेले तंतू आणि मध्ये ओळीने उभी गुणसूत्रे. ठिपके म्हणजे तारककेंद्रे, तंतू म्हणजे तुर्कतंतू. महाराष्ट्रात मराठीतून दहावी करणारे मूलही हीच मांडणी शिकते. या आकृतीतून एक मत मनावर ठसते : प्राणिपेशीतले तंतू तारककेंद्रातून जन्मतात, आणि तारककेंद्र नसेल तर ते जन्मणार नाहीत.

या मताचा पहिला अर्धा भाग अपुरा आहे आणि दुसरा चुकीचा आहे. माझी प्रतिज्ञा अशी की, तंतूंचा उगम काही ठरावीक प्रथिने एका जागी, एका वेळी आणि योग्य अवस्थेत एकत्र आल्याने होतो. तारककेंद्र ही त्यांच्या एकत्र येण्याची सर्वांत ठळक जागा आहे. एकमेव जागा मात्र ती नाही. ही प्रतिज्ञा सिद्ध करण्यापूर्वी प्रतिपक्षाची बाजू त्याच्या पूर्ण बळानिशी मांडणे हे माझे कर्तव्य आहे.

पूर्वपक्ष

तुर्कतंतू सूक्ष्मनलिकांचे बनलेले असतात. सूक्ष्मनलिका ही सुमारे २५ नॅनोमीटर व्यासाची पोकळ नळी. तिची वीट म्हणजे ट्युब्युलिन हे प्रथिन. अल्फा आणि बीटा अशा दोन घटकांची जोडी. जोड्या एकापुढे एक लागून पट्टी होते आणि प्राणिपेशीत सहसा १३ पट्ट्या कडेने जुळून नळी बनते. नळी वाढते, अचानक कोसळते, पुन्हा वाढते. टिम मिचिसन आणि मार्क कर्शनर यांनी १९८४ मध्ये हा स्वभाव दाखवून दिला. वाढणे नळीला सोपे जाते, सुरुवात मात्र अवघड असते. पहिल्या काही जोड्या एकमेकींना धरून राहण्याआधीच सुटतात. म्हणून पेशीत नळी कुठे आणि केव्हा सुरू व्हावी हे ठरवायला मदतनीस लागतात. वादाचा विषय हाच आहे : हे मदतनीस कोण, आणि ते राहतात कुठे?

पूर्वपक्षाचे उत्तर जुने आणि भारदस्त आहे. थिओडोर बोव्हेरी यांनी १८८८ मध्ये तारककेंद्राला त्याचे शास्त्रीय नाव दिले आणि त्याला विभाजनाचा सूत्रधार मानले. पुढे १९७० च्या दशकात चकाकणाऱ्या प्रतिपिंडांनी सूक्ष्मनलिका रंगवता येऊ लागल्या, तेव्हा अनेक प्राणिपेशींत केंद्रकाशेजारच्या एका बिंदूतून त्या पसरलेल्या दिसल्या. त्याहून प्रभावी पुरावा औषधाने दिला. दख्खनच्या रानात पावसाळ्यात फुलणाऱ्या कळलावीच्या कंदात आणि बियांत कोल्चिसिन असते. गाउटसाठी त्याच्या गोळ्या कोठीच्या औषधबाजारात मिळतात. कोल्चिसिन ज्या प्रथिनाला चिकटते त्याचा शोध घेतानाच १९६७ च्या सुमारास गॅरी बोरिसी आणि एडविन टेलर यांना ट्युब्युलिन सापडले. नोकोडाझोल हे औषध ट्युब्युलिनच्या त्याच भागात बसते, पण सहज धुऊन निघते. ते दिले की पेशीतल्या नळ्या विरघळतात. ते धुऊन काढले की काही मिनिटांत तारककेंद्राभोवती नव्या नळ्यांचा तारा उमटतो. डोळ्यांना पटणारा यापेक्षा चांगला पुरावा कोणता?

कारणही मिळाले. बेर्ल ओकली आणि एलिझाबेथ ओकली यांना १९८९ मध्ये अ‍ॅस्परजिलस या बुरशीत गॅमा ट्युब्युलिन हे तिसरे ट्युब्युलिन सापडले. १९९५ मध्ये यिक्सियान झेंग आणि सहकाऱ्यांनी बेडकाच्या अंडपेशीतून गॅमा ट्युब्युलिनचे वलय वेगळे काढले आणि ते नळीचा साचा म्हणून काम करते असे दाखवले. त्याच वर्षी माशीच्या तारककेंद्रात अशी वलये दिसली. साचा सापडला, साच्याचे घर सापडले, आता शंका कशाला? असा हा पूर्वपक्ष आहे. तो भक्कम निरीक्षणांवर उभा आहे आणि त्यातले एकही निरीक्षण मी नाकारत नाही.

व्यतिरेक कुठे आहे?

कारण सिद्ध करायला आपल्या तर्कपरंपरेने दोन कसोट्या सांगितल्या आहेत. अन्वय म्हणजे कारण असेल तिथे कार्य असणे. व्यतिरेक म्हणजे कारण नसेल तिथे कार्य नसणे. पूर्वपक्षाजवळ अन्वय भरपूर आहे. तारककेंद्र आहे, तिथे नळ्या आहेत. पण तारककेंद्र काढून घेतल्यावर नळ्या थांबतात, हे त्याने दाखवलेले नाही. व्यतिरेकाची परीक्षा घेतली की हे मत टिकत नाही.

पहिला दाखला तर प्रत्येक विद्यार्थ्याच्या हातातून गेलेला असतो. सूत्री विभाजन दाखवण्यासाठी प्रयोगशाळेत कांद्याच्या मुळाचे टोक रंगवून काचपट्टीवर दाबतात. कांद्याच्या पेशीत तारककेंद्र नसते. तरी तिथे दोन ध्रुवांमध्ये नीट बांधलेले तुर्कतंतू असतात आणि गुणसूत्रे बिनचूक वाटली जातात. ही वनस्पतींची खास सोय आहे, प्राण्यांना ती लागू नाही, असे पूर्वपक्ष म्हणेल. म्हणून प्राण्यांकडेच वळू.

मानवाच्या अंडपेशीत तारककेंद्र राहत नाही. अंडपेशी घडतानाच ते लोप पावते. आपण प्रत्येक जण अशा पेशीतून आलो आहोत जिने तारककेंद्राशिवाय तुर्कतंतू बांधले. मेलिना शू यांच्या गटाने २०१५ मध्ये मानवी अंडपेशीतले हे बांधकाम प्रत्यक्ष पाहिले. नळ्या गुणसूत्रांच्या भोवती उगवत होत्या आणि पूर्ण रचना व्हायला सुमारे १६ तास लागत होते. उंदराच्या अंडपेशीत वेगळा मार्ग दिसतो. शू आणि यान एलेनबर्ग यांनी २००७ मध्ये तिथे नळ्या उगवणारी ८० हून अधिक लहान केंद्रे मोजली. ती एकत्र येऊन दोन ध्रुव घडवतात. विखुरलेली ही केंद्रे पेशीच्या मध्याकडे कशी ओढली जातात याचे गणिती प्रतिमान पुण्याच्या आयसरमध्ये चैतन्य आठले यांच्या प्रयोगशाळेने २०१६ मध्ये मांडले. ही केंद्रे म्हणजे लपलेली तारककेंद्रेच, असा आक्षेप येईल. पण त्यांच्या पोटात तारककेंद्राचा गाभा, म्हणजे तारिकांची जोडी, नसते. गाभ्याभोवती जमणारी प्रथिने तेवढी असतात. यातून पुष्टी माझ्याच पक्षाला मिळते : काम प्रथिनांचे आहे, गाभा नसला तरी ती काम करतात.

अंडपेशी अपवादात्मक असते म्हणून तिचाही दाखला बाजूला ठेवू. अलेक्सी खोद्याकोव्ह आणि सहकाऱ्यांनी २००० साली सस्तन प्राण्याच्या साध्या पेशींत तारककेंद्रे लेसरने जाळून टाकली. दोन्ही गेली, तरी दोन ध्रुवांची रचना उभी राहिली. २००६ मध्ये रेनाता बास्टो आणि जॉर्डन रॅफ यांच्या गटाने तारिका बनवूच न शकणाऱ्या फळमाश्या वाढवल्या. त्या जवळपास नेहमीच्याच वेळात प्रौढ झाल्या. २०१५ मध्ये पीएलके४ हे विकर रोखणाऱ्या औषधाने मानवी पेशींतली तारककेंद्रे घालवली गेली. निरोगी पेशी थांबल्या, त्याचे कारण पुढे सांगतो. पण अनेक कर्करोगी पेशी तारककेंद्राशिवाय पिढ्यान् पिढ्या विभागत राहिल्या. तंतूंच्या उगमाला तारककेंद्र अपरिहार्य असते, तर यांतला एकही प्रयोग शक्य झाला नसता.

गुणसूत्रांची स्वतःची हाक

मग या पेशींत नळ्या येतात कुठून? उत्तराची सुरुवात हायडलबर्गला झाली. रिबेका हील्ड, एरिक कार्सेंटी आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये बेडकाच्या अंड्यांच्या अर्कात डीएनए गुंडाळलेले मणी टाकले. अर्कात तारककेंद्र नव्हते, मण्यांवरच्या डीएनएत गुणसूत्रबिंदूही नव्हता. तरी मण्यांभोवती नळ्या उगवल्या आणि त्यांनी दोन ध्रुवांची रचना बांधली.

पुढच्या काही वर्षांत यामागची साखळी उलगडली. गुणसूत्रांवर आरसीसी१ हे प्रथिन बसलेले असते. ते रॅन या लहान प्रथिनाला जीटीपी जोडून देते. म्हणून गुणसूत्रांजवळ सक्रिय रॅन दाट असतो आणि दूर जावे तसा विरळ होतो. टीपीएक्स२ सारखी नळी-उगमाला मदत करणारी प्रथिने एरवी इम्पोर्टिन नावाच्या वाहकाने धरून ठेवलेली असतात. सक्रिय रॅन भेटला की इम्पोर्टिन त्यांना सोडतो. त्यामुळे मदतनीस गुणसूत्रांच्या आसपासच मोकळे होतात. सक्रिय रॅनच्या या उताराचा नळ्यांच्या वाढ-घटीवर नेमका कसा परिणाम होतो, हे कार्सेंटी यांच्या गटाने २००८ मध्ये सायन्स या नियतकालिकात दाखवले. त्या निबंधाचे पहिले लेखक चैतन्य आठले होते. पुस्तकातल्या आकृतीत गुणसूत्रे ओढली जाण्याची वाट पाहत उभी असतात. प्रत्यक्षात ती स्वतःच तंतूंना बोलावत असतात.

विभाजन नसतानाही

इथवरची चर्चा विभाजनाची झाली. पण पेशी आपले बहुतेक आयुष्य न विभागता घालवते, आणि तिथे तर रूढ मत आणखी तोकडे पडते. स्नायुपेशी परिपक्व होताना नळ्या उगवण्याचे काम केंद्रकाच्या आवरणावर जाते. हे १९८५ पासून माहीत आहे. चेतापेशी परिपक्व होते तसे तारककेंद्राचे हे काम ओसरते आणि तरीही अक्षतंतू वाढत राहतो, हे २०१० मध्ये दिसले. गॉल्जी पिंडातूनही नळ्या उगवतात. इरिना काव्हेरिना यांच्या गटाने २००७ मध्ये ते ठामपणे दाखवले, आणि मानवी डोळ्याच्या रंजकपटलातून वाढवलेल्या पेशींत गॉल्जीचा वाटा निम्म्याच्या आसपास भरतो. तिथे एकेएपी४५० हे प्रथिन गॅमा ट्युब्युलिनच्या वलयाला जागा देते आणि क्लास्प प्रथिने नव्या नळ्यांना स्थिर करतात.

हा शोध नोकोडाझोल धुऊन काढण्याच्या प्रयोगातूनच पक्का झाला, याकडे मी मुद्दाम लक्ष वेधतो. पूर्वपक्ष जो पुरावा पुढे करतो, त्याच पुराव्यात दुसरा उगमही दिसत होता. तारककेंद्राजवळचा तारा इतका तेजस्वी होता की गॉल्जीजवळच्या नळ्यांकडे फारसे कोणी पाहिले नाही.

साचाही एकटा पुरत नाही

पूर्वपक्षाचा एक सुधारित अवतार आहे, आणि तो अधिक विचार करण्याजोगा आहे. तो म्हणतो : ठिकाणे अनेक असतील, पण सर्वत्र गॅमा ट्युब्युलिनचे वलय आहे ना? मग वलयालाच एकमेव नियंता म्हणा.

बहुतेक ठिकाणी वलय असते, हे खरे. पण वलय एकटे असताना फार मंदपणे काम करते. २०२० मध्ये तीन वेगवेगळ्या गटांनी अतिशीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने त्याची रचना उलगडली, तेव्हा त्यामागचे एक कारण कळले. वलयात गॅमा ट्युब्युलिनचे १४ घटक असतात आणि त्यांची मांडणी उघडी, एका बाजूला ताणलेली असते. १३ पट्ट्यांच्या नळीशी ती नीट जुळत नाही. असा साचा कामाला लावायला इतर प्रथिनांची साथ लागते. बेडकातले एक्सएमएपी२१५ आणि माणसातले त्याचे भावंड सीएच-टॉग ट्युब्युलिनच्या जोड्या आणून साच्यावर बसवतात. बेडकाचे हे प्रथिन वलयाबरोबर मिळून नळीचा उगम कितीतरी वाढवते, हे सबिने पेट्री यांच्या प्रयोगशाळेने २०१८ मध्ये दाखवले. सीडीके५आरएपी२ हे प्रथिन वलयाला चिकटून त्याची क्षमता वाढवते.

आणखी एक व्यवस्था आहे, ती मला सर्वांत विलक्षण वाटते. ऑग्मिन नावाचा आठ घटकांचा प्रथिनसमूह आधीच असलेल्या नळीच्या अंगावर बसतो आणि तिथे नवे वलय आणून ठेवतो. त्यातून जुन्या नळीच्याच दिशेने नवी फांदी फुटते. बेडकाच्या अर्कात हे शाखन पेट्री आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रत्यक्ष दाखवले. तुर्कतंतूंतल्या नळ्यांचा मोठा वाटा असा नळ्यांवरूनच उगवतो. म्हणजे ध्रुवापासून दूर, रचनेच्या ऐन पोटात, नळीच नळीच्या जन्माची जागा होते.

तारककेंद्र स्वतः काय करते, याचे उत्तरही प्रथिनांतच मिळते. विभाजनापूर्वी पीएलके१ हे विकर सक्रिय होते, पेरिसेंट्रिन, सीईपी१९२ आणि सीडीके५आरएपी२ ही प्रथिने गाभ्याभोवती दाट थर करतात आणि मगच तारककेंद्राची नळ्या उगवण्याची ताकद वाढते. २०१७ मध्ये तर गोलकृमीच्या तारककेंद्रातले एसपीडी-५ हे प्रथिन आणि त्याची दोन साथीदार प्रथिने परीक्षानळीत ट्युब्युलिनबरोबर ठेवली गेली. त्यांनी ट्युब्युलिन आपल्यात दाटवले आणि नळ्यांचा तारा उमटवला. तिथे ना तारिका होती, ना पेशी.

सिद्धांत

आता उत्तरपक्ष नेमक्या शब्दांत मांडतो. सूक्ष्मनलिकेच्या जन्माला चार गोष्टी लागतात. एक साचा, जो बहुधा गॅमा ट्युब्युलिनचे वलय पुरवते. दुसरी गोष्ट पहिल्या जोड्या टिकवणारी साथ, जी सीएच-टॉग आणि टीपीएक्स२ यांच्याकडून येते. तिसरी जागेची खूण : गुणसूत्रांजवळ रॅन, गॉल्जीवर एकेएपी४५०, नळीच्या अंगावर ऑग्मिन, तारककेंद्रात सीईपी१९२. चौथी वेळेची खूण, जी पीएलके१ आणि ऑरोरा-ए यांसारखी विकरे देतात. त्याच वेळी स्टॅथमिन मोकळे ट्युब्युलिन अडवून ठेवते आणि एमसीएके नळीची टोके उसवते, म्हणून भलत्या ठिकाणी नळ्या माजत नाहीत. या घटकांचा मेळ जिथे बसतो, तिथे नळी जन्मते.

सुलतान बाजाराचा इतिहास इथे साथीला घेता येतो. कोठीच्या ब्रिटिश रेसिडेन्सीच्या आश्रयाने हा बाजार वाढला आणि रेसिडेन्सी बाजार म्हणूनच ओळखला जाई. १९३३ मध्ये तो निजामाच्या ताब्यात परत आला, १९४७ मध्ये रेसिडेंट गेला, १९४९ मध्ये त्या इमारतीत महिला महाविद्यालय आले. बाजार चालूच राहिला, कारण तो व्यापारी, कारागीर आणि गिऱ्हाइके यांनी घडवला होता; रेसिडेन्सीने त्यांना एका जागी आणले होते इतकेच. तारककेंद्राचेही काम एकत्र आणण्याचे आहे. ते मोठे काम आहे, पण एकत्र येणाऱ्यांची ताकद त्याची स्वतःची नाही.

शंकासमाधान

पहिली शंका : असे असेल तर तारककेंद्र उरलेच कशाला? माशीचाच प्रयोग याचे उत्तर देतो. तारिका नसलेल्या त्या माश्या प्रौढ झाल्या, पण त्यांच्या ज्ञानेंद्रियांच्या पेशींत केसांसारख्या पक्ष्माभिका बनू शकल्या नाहीत. त्यांच्या हालचालींत मेळ नव्हता आणि त्या लवकर मेल्या. पक्ष्माभिका आणि शुक्राणूची शेपटी यांच्या बुडाशी तारिका लागतेच. शिवाय तारककेंद्रामुळे विभाजन जलद आणि बिनचूक होते. शरीरातल्या साध्या पेशीला विभाजनाला साधारण तासभर लागतो. मानवी अंडपेशीला नुसत्या बांधणीला १६ तास लागतात, तिची रचना अस्थिर असते आणि गुणसूत्रांच्या वाटपात चुका होतात. तारककेंद्राचे मोल मी कमी करत नाही. त्याच्या नावावर चढवलेली मक्तेदारी तेवढी उतरवतो.

दुसरी शंका अधिक गंभीर आहे. तारिका नसलेले उंदराचे भ्रूण गर्भावस्थेच्या मध्यातच मरतात, आणि तारककेंद्राशी संबंधित सीडीके५आरएपी२ सारख्या जनुकांत दोष असेल तर मूल लहान मेंदू घेऊन जन्मते. मग तारककेंद्राशिवाय चालते असे कसे म्हणावे? २०१४ मध्ये हिशाम बाझी आणि कॅथरिन अँडरसन यांनी तारिका नसलेल्या उंदराच्या भ्रूणांत पी५३ हे प्रथिनही काढून टाकले. पेशी मरायच्या थांबल्या आणि भ्रूण आणखी पुढपर्यंत वाढले. त्या पेशी तुर्कतंतू बांधू शकत होत्या. फक्त त्यांना वेळ जास्त लागत होता. विभाजन लांबले की पेशी त्याची नोंद ठेवते आणि पी५३ च्या मार्गाने स्वतःला थांबवते. २०१५ च्या प्रयोगात निरोगी मानवी पेशी थांबल्या त्या पी५३ मुळेच. म्हणून भ्रूणाच्या मृत्यूवरून तारककेंद्राशिवाय नळ्या उगवत नाहीत, असे अनुमान काढता येत नाही. वाढत्या मेंदूच्या मूळपेशींना वेळेची चूक परवडत नाही, एवढेच त्यातून ठरते.

हा वाद महत्त्वाचा का

विद्यार्थ्याला एक सोपे चित्र पुरे, बारकावे पुढे कळतीलच, असे कोणी म्हणेल. मला हे मान्य नाही, कारण या बारकाव्यावर माणसांचे उपचार अवलंबून असू शकतात. काही स्तनकर्करोगांत १७ व्या गुणसूत्राच्या एका भागाच्या प्रती वाढतात आणि त्याबरोबर ट्रिम३७ हे प्रथिन वाढते. २०२० मध्ये नेचरमध्ये आलेल्या दोन निबंधांनी दाखवले की तारककेंद्र घालवल्यावर इतर पेशी सीईपी१९२ सारखी प्रथिने दुसरीकडे गोळा करून नळ्या उगवतात. ट्रिम३७ जास्त असलेल्या पेशींत हे गोळे टिकतच नाहीत. अशा पेशींवर पीएलके४ रोखणारे औषध वापरले की त्या विभागू शकत नाहीत. उपचाराची ही सगळी कल्पना दुसरा मार्ग अस्तित्वात असण्यावर उभी आहे. पेशीला तारककेंद्राखेरीज मार्गच नाही असे शिकलेल्या डॉक्टरला हे औषध काही पेशींना का मारते आणि काहींना का सोडते, हा प्रश्नही पडणार नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. दहावीच्या आणि इंटरमीजिएटच्या आकृतीत गुणसूत्रांजवळ उगवणाऱ्या नळ्या आणि नळीवर फुटलेली एक तरी फांदी काढावी. खाली एका ओळीत लिहावे की प्राणिपेशीत नळ्या अनेक ठिकाणी जन्मतात आणि तारककेंद्र हे त्यांतले प्रमुख ठिकाण आहे. कांद्याचे मूळ रंगवताना शिक्षकांनी मुलांना विचारावे : इथे तारककेंद्र नाही, मग हे तंतू आले कुठून? या प्रश्नाशी झटलेल्या मुलाला एखादी गोष्ट कारण ठरवण्याआधी ती काढून पाहावी लागते हे कळेल. कुठलेही शास्त्र शिकायला लागणारी पहिली शिस्त हीच आहे.